संसारचिंतन : घर कोठें घ्यावें?

आमचे एक जुने स्नेही गेल्या हिंवाळ्यांत एके सकाळीं, बगलेंत नव्या इमारतीचा रंगीत नकाशा घेऊन आमचे घरीं आले. गिरगांवांतील एका चाळीच्या दोन खोल्यांत त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या वाढल्या. चाळ आतां जीर्ण झाली. तेव्हां खोल्यांचा हक्क सोडून, येणाऱ्या रकमेंत चिरंजीवांच्या कर्जाची भर घालून, बदलापुरास चार खोल्यांचें प्रशस्त घर घ्यावें, असा त्यांचा बेत ठरत आला होता. नकाशा पसरून ते मोठ्या हौसेनें बोट ठेवून दाखवूं लागले : हें देवघर, ह्या दोघां मुलांच्या दोन खोल्या, हा दिवाणखाना, आणि येथें आठ माणसांचें जेवणाचें टेबल. "आजवर दोन खोल्यांत एकमेकांच्या पायांत पाय घालून राहिलों, आतां तरी सगळे ऐसपैस एकत्र राहूं," असें ते म्हणाले.

आमच्या घरची मंडळी चहा घेऊन बाहेर आली होती. त्यांनीं सहज विचारलें, "भाऊजी, थोरल्या सूनबाई संध्याकाळीं घरीं किती वाजतां पोंचतील?" स्नेही जरा थबकले. "वांद्र्याच्या संकुलांतून यायचें, होतील साडेआठ." "आणि धाकटे चिरंजीव?" "त्याची कचेरी अंधेरीस. त्याला साडेनऊ होतील." "धाकट्या सूनबाईंची शाळा तर गिरगांवांत, सकाळीं सातची. म्हणजे त्या नऊलाच निजणार. मग हें आठ माणसांचें टेबल भरेल कोणत्या वारीं?" "रविवारीं!" असें म्हणून ते हंसले, परंतु नकाशाची गुंडाळी करतांना त्यांचें मन पूर्वीसारखें राहिलें नव्हतें, हें आमच्या ध्यानांत आलें.

त्या प्रश्नावरूनच आज वाचकांशीं चार गोष्टी बोलाव्या असें वाटतें. मोठ्या शहरांत घर पाहतांना आपण क्षेत्रफळ विचारतों, मजला विचारतों, पाणी किती तास येतें हें विचारतों, किंमतीची घासाघीस तर पोटभर करतों. परंतु घरांतील प्रत्येक माणसाचे रोज किती तास वाटेवर जाणार, हा प्रश्न बहुधा शेवटीं निघतो. कित्येकदां तर घराची किल्ली हातीं आल्यावर निघतो. आमच्या मतें तो पहिला निघाला पाहिजे.

मुंबईकरांस ही अडचण कांहीं नवी नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढील वर्षींच ती कल्याणास पोंचली. १८९६ सालीं शहरांत प्लेगानें थैमान घातल्यावर दाट वस्ती विरळ करण्यासाठीं १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दादर, माटुंगा, शीव या बाजूस आंखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती निघाल्या. त्या काळच्या गिरगांवकरांस दादर म्हणजे परगांव वाटे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्लें ही विजेची गाडी सुरू झाली, आणि उपनगरें जवळ आलीं. त्यापुढें मराठी कुटुंबें गिरगांवांतून दादरास, दादराहून पार्ल्यास, तेथून डोंबिवलीस, आणि आतां बदलापूर-विरारास, अशीं सरकत गेलीं. बोरीबंदरापासून दादर ९ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. प्रत्येक पिढीनें खोली एकेक वाढविली आणि वाटही वाढविली.

चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञानें १९९४ सालीं याविषयीं एक मार्मिक विचार मांडला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्य पायीं चालो, घोड्यावर बसो वा मोटारींतून जावो, सरासरीनें दिवसाचा सुमारें एक तास तो जाण्यायेण्यांत घालवितो. वाहन वेगवान झालें म्हणजे तो वेळ वांचवीत नाहीं. तितक्याच वेळांत जितकें दूर जातां येईल तितक्या दूर राहावयास जातो. ह्या तासाला मार्केत्ती मनुष्यस्वभावाची मर्यादा मानतो. आपल्याकडे कित्येक घरांतून ह्या मर्यादेच्या तिप्पट वेळ खर्च होतो, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्दही काढीत नाहीं, इतका तो अंगवळणीं पडला आहे.

आतां साधें अंकगणित करून पाहूं. जातांना दीड तास व येतांना दीड तास, मिळून रोजचे तीन तास. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर ७२० तास होतात. म्हणजे अहोरात्र मोजलेले पूर्ण तीस दिवस. वर्षांतील एक महिना, जेवणखाण आणि निजणें सोडून, मनुष्य गाडींत व फलाटावर उभा आहे असा ह्याचा अर्थ. नोकरी तीस वर्षें केली, तर आयुष्यांतील अडीच वर्षें ह्या एकाच खातीं खर्चीं पडलीं.

पैशाच्या बाजूनेंही हा हिशेब मांडतां येतो. समजा, दूरच्या घरामुळें कर्जाच्या हप्त्यांत दरमहा १८,००० रुपये वांचतात. परंतु घरांतील दोन मिळवत्या माणसांचे प्रत्येकीं रोजचे दोन तास वाढतात. महिन्याचे वीस दिवस धरले तर दोघांचे मिळून ८० तास झाले. म्हणजे आपण आपला एकेक तास सव्वादोनशें रुपयांस विकीत आहों. कोणास हा भाव परवडेल, कोणास परवडणार नाहीं. आमचा आग्रह इतकाच कीं सौदा करतांना भाव माहीत असावा. पूर्ण नोकरीचे महिन्याचे तास सुमारें १६० असतात. तेव्हां ८० तास म्हणजे घरानें पत्करलेली एक अर्धी नोकरीच होय, आणि तीही बिनपगारी.

कोणी म्हणेल, "संवयीनें सर्व सोसतें." परंतु अनुभव तसा नाहीं. २००४ सालीं डॅनिएल काह्नमन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ९०९ नोकरदार स्त्रियांकडून त्यांच्या आदल्या दिवसाची सविस्तर हकीकत लिहवून घेतली. कोणत्या वेळीं मन कसें होतें हेंही त्यांनीं लिहिलें. सर्व कामांत सकाळीं कामावर जाण्याचा प्रवास हा सर्वांत नकोसा ठरला, आणि आप्तमित्रांच्या सहवासाचा वेळ वरच्या पायरीवर आला. फ्राय आणि श्टुट्झर या स्वित्झर्लंडमधील दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं जर्मनींतील कुटुंबांच्या माहितीवरून असें दाखविलें कीं, ज्यांचा प्रवास लांबीचा, त्यांचें जीवनाविषयींचें समाधान कमी. लांबच्या प्रवासाचा मोबदला मोठ्या घरानें किंवा अधिक पगारानें भरून निघावयास हवा होता. तो निघत नाहीं. ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें : मोठ्या दिवाणखान्याची नवलाई चार-सहा महिन्यांत संपते, परंतु गाडीचा त्रास रोज नवा असतो. आज गाडी उशिरा, उद्यां फलाट बदललेला, परवां पाऊस. दिवाणखाना विसरतां येतो, तसा हा त्रास विसरतां येत नाहीं.

ह्या ठिकाणीं आम्हांस स्वतःविषयींही लिहिणें प्राप्त आहे. आम्हीं २००१ सालीं दादरची भाड्याची जागा सोडून डोंबिवलीस घर घेतलें, तेव्हां ह्यांतला एकही हिशेब मांडला नव्हता. घर हवेशीर, शेजार चांगला, वाचनालय जवळ. ह्या गोष्टींचें सुख आजही आहे. परंतु मार्च २०२० मध्यें महामारीमुळें लोकलगाड्या बंद झाल्या, आणि आमचे चिरंजीव घरूनच कचेरीचें काम करूं लागले, तेव्हांची एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. पांचव्या का सहाव्या दिवशीं संध्याकाळीं साडेपांचाच्या सुमारास काम आवरून ते ओटीवर येऊन बसले. पांच वर्षांच्या नातवानें त्यांच्याकडे पाहिलें, खिडकीबाहेर पाहिलें, आणि आजीस हळूच विचारलें, "आजी, अजून उजेड आहे; मग बाबा घरीं कसे?" त्या मुलानें आपला बाप कामाच्या दिवशीं उजेडांत पाहिलाच नव्हता. घर आम्हीं निवडलें होतें. किंमत त्यानें भरली होती.

एकत्र कुटुंबांत ही किंमत सर्वांवर सारखी पडत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. साडेसहाची गाडी गांठणारा मुलगा साडेपांचास उठतो; त्याच गाडीनें जाणारी सून साडेचारास उठते, कारण डबे भरावयाचे असतात. परत येतांना मुलगा घरीं येऊन पाय धुऊन बसतो. सून पदर खोंचून स्वयंपाकघरांत शिरते. म्हणजे एकाच अंतरानें एकाचे तीन तास गेले, तर दुसरीची झोंप, प्रकृति, आणि पुष्कळदां नोकरीही गेली. "घर लांब पडतें म्हणून सोडली" असें सांगणाऱ्या सुशिक्षित भगिनी प्रत्येकाच्या ओळखींत दोनचार तरी सांपडतील. त्यांस विचारून घर घेतलें होतें काय, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजीं केवळ स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडी धांवूं लागली, ती सोय मोठीच झाली. परंतु गाडी स्वतंत्र झाली म्हणून वाट आंखूड होत नाहीं.

तर मग घर पाहणारानें काय करावें? आमच्या अनुभवांतून सुचलेल्या पांच गोष्टी येथें देतों.

पहिली गोष्ट, वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा. जाहिरातींत "स्टेशनपासून पांच मिनिटें" असें छापलेलें असतें. तीं पांच मिनिटें कोणाचीं, कशानें आणि किती वाजतां, हें छापलेलें नसतें. जिना, रस्ता, रिक्षाची रांग, पूल, गाडीची वाट पाहणें, उतरल्यावरची बस, हें सर्व मिळून प्रवास होतो. गाडीची सव्वा तासाची वेळ प्रत्यक्षांत दोन तास कशी होते, तें घड्याळ हातीं धरल्याशिवाय उमगत नाहीं.

दुसरी गोष्ट, घर रविवारीं दुपारीं पाहून येऊं नये. सोमवारीं, ज्यास जावयाचें त्याच्या नेहमीच्या वेळीं, दोन्ही बाजूंचा प्रवास करून पाहावा. शक्य असल्यास तो पावसाळ्यांत करावा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि सहस्रावधि माणसांनीं ती रात्र रस्त्यावर किंवा कचेरींत काढली. असा दिवस क्वचित् येतो खरा. परंतु जितकी वाट लांब, तितकी साध्या पावसांतही ती तुटण्याचीं ठिकाणें अधिक.

तिसरी गोष्ट, गाडी कोठून सुटते व कोठें बदलावी लागते हें पाहावें. ज्या स्थानकावरून गाडी सुटते तेथें बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो; मधल्या स्थानकावर दारांत पाऊल ठेवणेंही कठीण. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून पडून प्रवासी मृत्युमुखीं पडले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. बसून केलेला एक तास आणि दारांत लोंबकळत केलेला एक तास, हे हिशेबांत एक धरूं नयेत.

चौथी गोष्ट, घरांतील सर्वांचे कामाचे, शाळेचे, इतकेंच नव्हे तर दवाखान्याचेही पत्ते एका कागदावर मांडावे. एकट्या कर्त्या पुरुषाच्या कचेरीवरून जागा ठरवूं नये. शिवाय नोकऱ्या बदलतात. म्हणून कोणा एकाच्या कचेरीच्या दाराशीं जाण्यापेक्षां जेथें मार्ग एकमेकांस मिळतात तो भाग पसंत करावा. दादरास मध्य व पश्चिम रेल्वे मिळतात, कुर्ल्यास हार्बर मिळते, घाटकोपरास अंधेरी-वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो मिळते, ठाण्याहून वाशीकडे गाडी जाते. अशा ठिकाणांच्या आसपास राहणारास बदलत्या नोकरीचें भय कमी.

पांचवी गोष्ट, होणार असलेल्या मार्गाच्या भरंवशावर आज पैसे गुंतवूं नयेत. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोची लांबी अवघी ११.४ किलोमीटर; तिची पायाभरणी २००६ सालीं झाली, आणि गाडी धांवली ती ८ जून २०१४ रोजीं. जें बालक पायाभरणीच्या वर्षीं जन्मलें, तें पहिल्या गाडीच्या दिवशीं आठ वर्षांचें होतें. मार्ग झाला तर आनंदच आहे. परंतु आपलीं मुलें त्याच्यासाठीं लहान राहून थांबत नाहींत.

इतकें लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. दूर राहणारे सर्व अविचारी, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. शहराच्या मध्यभागीं एका खोलींत सहा माणसें, अभ्यासाला कोपरा नाहीं, आजाऱ्यास अंथरूण घालावयास जागा नाहीं, अशा स्थितींत दूरचें घर हें वरदान ठरतें. कित्येकांस दुसरा मार्गच नसतो. आणि गाडीनेंही माणसें जोडलीं आहेत; डब्यांत रंगणारीं भजनें, दसऱ्यास फुलांनीं सजविलेला डबा, बायकांच्या डब्यांतील हळदीकुंकू आणि निवडली जाणारी भाजी, ह्या आपुलकीच्या गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांस दूर राहणें भाग आहे त्यांस आमची एवढीच विनंति कीं, वाटेचा भार घरांत वांटून घ्यावा. उशिरा येणारीच्या हातीं झारा देऊं नये. जो आधीं येईल त्यानें, मग तो पुरुष कां असेना, कुकर चढवावा. ज्यांस निवड करण्याची सोय आहे, त्यांनीं मात्र ती डोळे उघडे ठेवून करावी.

एकत्र कुटुंबासाठीं घर निवडण्याची आमची कसोटी आतां अगदीं साधी झाली आहे. खोल्या किती हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें कीं, कामाच्या दिवशीं रात्रीं किती पानें एकदम मांडतां येतील? ज्या घरांत माणसें केवळ निजावयास येतात, तें कितीही मोठें असलें तरी धर्मशाळाच होय.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें काय केलें, तें सांगून हा लेख आटोपतों. त्यांनीं वादविवाद केला नाहीं. एका रविवारीं ते थोरल्या सूनबाईंस घेऊन बदलापुरास एका आप्तांकडे मुक्कामास गेले, आणि सोमवारीं सकाळीं तिच्याच वेळीं तिच्याबरोबर निघाले. घरापासून स्टेशन, स्टेशनापासून कुर्लें, कुर्ल्याहून बस, अशा वाटेनें कचेरीच्या दाराशीं दोन तास पांच मिनिटें झालीं. सूनबाई आंत गेल्या. सासरे बाहेर कठड्यावर बसून राहिले. मागाहून ते आम्हांस म्हणाले, "ती कांहीं बोलली नाहीं हो. पण गाडींत मी तिचें तोंड पाहत होतों. वर्षांनुवर्षें हिला असें जावें लागलें असतें, आणि मी घरीं नव्या देवघरांत घंटा वाजवीत बसलों असतों."

त्या रात्रीं गिरगांवच्या त्या दोन खोल्यांत प्रथमच सर्वांस, दोघी सुनांसही, बसवून विचारण्यांत आलें. सर्वांचे पत्ते कागदावर मांडले गेले. शेवटीं त्यांनीं मुलुंडास घर घेतलें. तेथून कुर्लें जवळ. घाटकोपरास उतरून अंधेरीची मेट्रो मिळते. शाळेची वाट गिरगांवाइतकी सोपी नाहीं, पण पहांटेचीं साडेचार वाजण्याची वेळ टळली. घर बदलापूरच्या नकाशाच्या जवळजवळ निम्मेंच आहे. देवघर भिंतींतल्या कोनाड्यांत बसलें, आणि आठ माणसांचें टेबल कोठेंच बसलें नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे जेवावयास गेलों होतों. टेबल नसल्यामुळें जमिनीवरच पाट मांडले होते, आणि जागा पुरेना म्हणून नातवंडें दारांत बसलीं होतीं. धाकटे चिरंजीव भात वाढीत होते. साडेआठ वाजले होते, घरचीं आठ आणि आमचीं दोन अशीं दहा पानें होतीं, आणि वार बुधवार होता.